कापूस म्हणजे जमीन नव्हे

माझ्या नणंदेचा मुलगा सध्या आमच्याकडे पडून आहे. म्हणजे त्याला पडून राहायला सांगितलंय आणि तो राहत नाही. कसल्याशा आजारात बरेच महिने घेतलेल्या गोळ्यांनी त्याच्या खुब्याचं हाड मेलं. डॉक्टरांनी त्याच्याच कमरेच्या हाडातला मगज काढला, त्यातल्या मूळपेशी वेगळ्या केल्या आणि मेलेल्या हाडाला बारीक भोक पाडून आत सोडल्या. आता त्या तिथे धरतील, नवं हाड तयार होईल, अशी आशा आहे. तोवर त्या पायावर भार द्यायचा नाही. कुबड्या घेऊन न्हाणीपर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढीच मुभा. चांगला तिशीचा बाप्या, पण चार दिवसांत त्यानं घर डोक्यावर घेतलं.

परवा मला म्हणतो, "मामी, खाली नाही उतरत. पण इथे पलंगावरच्या गादीवर उभं राहून दोन पावलं टाकली तर? गादी तर मऊच असते."

मी अशी काही ओरडले, की शेजारची बाई काय झालं म्हणून बघायला आली. तो बिचारा पांघरूण ओढून पडला. मग जरा वेळानं त्यानं विचारलं, "तुम्हालाही लहानपणी हेच झालं होतं ना? तेव्हा काय करायचे हो?"

"बांधून ठेवायचे," मी म्हटलं.

तो हसला. त्याला वाटलं, मामी नेहमीसारखी फटकळ बोलतेय. मी खरं तेच सांगितलं होतं.

मला आजही एका जागी बसवत नाही. भाजी निवडायला बसले तरी मधेच उठते. लग्नकार्यात लोक मला हाताला धरून बसवतात आणि मी पाणी प्यायच्या निमित्तानं सटकते. अशा माणसाला देवानं सातव्या वर्षी नेमका तो आजार दिला, ज्यावर न हलणं हाच इलाज होता. देवाची ही थट्टा मला अजून पचलेली नाही.

तेव्हा महाराष्ट्र नवा नवा होता. शाळेत गुरुजी आमच्याकडून नव्या राज्याचे जिल्हे पाठ करून घ्यायचे आणि घरी मात्र सगळे वऱ्हाडच म्हणायचे. आमचं गाव संग्रामपूरच्या अलीकडे. घराच्या मागच्या भिंतीवर चढलं की सातपुडा दिसायचा, आणि मी बहुतेक वेळ त्या भिंतीवर चढलेलीच असायची. शेती बेताची, काळी, कापसाची. घरात आम्ही तिघंच, मी, माय आणि बा. माझ्या पाठची भावंडं जगली नव्हती. त्यामुळे दोघांचा माझ्यावर जरा जास्तच जीव होता, पण तो लावायची रीत वेगळी. माय मला धरून ठेवायची आणि बा सोडून द्यायचा.

बा माझ्यासारखाच, म्हणजे मी त्याच्यासारखी. पाहुणे आले तरी हा उभाच. बोलताना अंगणात येरझारा घालायचा, आणि ऐकणाऱ्याची मान इकडून तिकडे फिरत राहायची. जेवून उठला की हात वाळायच्या आत वावराच्या वाटेला लागायचा. माय म्हणायची, "या बाप-लेकीच्या पायाले भिंगरी हाय. मी कोनाकोनाले धरू?"

त्या उन्हाळ्यात माझा डावा गुडघा दुखायला लागला. मायनं ओव्याचं तेल चोळलं, वीट तापवून शेकलं. गुडघ्याला ना सूज ना जखम, पण मी लचकत चाललेली. मग बानं मला अंगणात इकडून तिकडे चालवून पाहिलं. बाजारात बैल घेताना तो असाच चालवून पाहायचा, आधी समोरून, मग मागून, मग खाली बसून बाजूनं. पाहून झाल्यावर तो उठला, बैल जुंपले आणि म्हणाला, "चाला अकोल्याले."

बैलगाडीनं शेगाव, देवळाकडे दुरूनच हात जोडून तडक स्टेशन, आणि तिथून रेल्वे. मला रेल्वेत बसायला मिळाल्याचा एवढा आनंद झाला होता, की पाय दुखतो हे मी विसरूनच गेले होते. माय सारखी सांगत होती, "डाक्तरसमोर उड्या नोको मारू बाप्पा, त्याले वाटंन आमी खोटं सांगून राह्यलो."

हाडांचे डॉक्टर पुण्याकडचे होते, शांत बोलणारे. त्यांनी एक्स-रे फोटो काढला आणि तो ओला फोटो खिडकीशी धरून आम्हाला दाखवला.

"गुडघा दुखतो, पण मूळ वर खुब्यात आहे. हा मांडीच्या हाडाचा गोळा, खुब्यात बसतो तो. उजवीकडचा बघा, गोल आहे. आता डावीकडचा बघा. याला रक्त पोचायचं थांबलं. हा मेला आहे."

मायनं पदर तोंडाला लावला. बा म्हणाला, "मंग मेलेलं काढून टाका."

"काढायचं नाही. लहान मुलांचं शरीर मेलेलं हाड आपणच हळूहळू वाहून नेतं आणि तिथे नवं हाड आणतं. पण नवं हाड येतं ते भिजवलेल्या कणकेसारखं मऊ असतं. त्यावर भार पडला तर गोळा चपटा होईल आणि तसाच घट्ट होईल. मग ही जन्मभर लंगडेल. भार पडला नाही, तर गोल येईल."

"किती दिवस?"

"वर्ष, दीड वर्ष. जास्तही लागेल. मधून मधून फोटो काढून बघू."

"अन् औषध?"

"हेच औषध. हिचा पाय जमिनीला लागता कामा नये."

बाला हे अजिबात पटलं नाही. एवढी गाडी जुंपली, रेल्वे केली, आणि हातात काय, तर थांबा! तो डॉक्टरांच्या टेबलासमोर येरझारा घालायला लागला. "साहेब, एखांदी सुई तरी द्या. आमी इतक्या दूरून आलो." शेवटी डॉक्टरांनी एक लाल टॉनिक लिहून दिलं आणि तेव्हा कुठे बाचं समाधान झालं. त्या टॉनिकनं मला भूक लागायला लागली, अंगात ताकद आली, आणि ती सगळी ताकद मी खाटेवर लाथा झाडायला वापरली.

खाट ओसरीत टाकली होती. डाव्या पायाला चिकटपट्ट्या लावून त्यांना दोरी बांधली होती. दोरी खाटेच्या पायथ्यावरून खाली सोडलेली, आणि तिच्या टोकाला वीट. खुब्यातला गोळा जरा ओढून धरायला ती वीट, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. दोरीची गाठ बानं बांधली, बैलाच्या वेसणीला बांधतात तशी, ओढली की आवळणारी. माय खाटेच्या उशाशी बसून तूर निवडायची, वाती वळायची आणि माझ्यावर डोळा ठेवायची. तिला उठावंच लागलं, तर जाताना दम भरून जायची, "हाललीस तं पाह्य."

मी सगळे उद्योग केले. खाटेची सुतळी हात पोचेल तिथपर्यंत उसवली. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला हाका मारून थांबवलं, शेवटी शेवटी लोक आमच्या घरावरून जायचं सोडून मागच्या गल्लीतून जायला लागले. गुरुजी घरी येऊन पाटी देऊन गेले, ती पाटी मी शेळीला फेकून मारली. भुलाबाईच्या महिन्यात पोरी गाणी म्हणायला आमच्याकडे आधी यायच्या, मायनं तसं सांगून ठेवलं होतं. माझ्या खाटेभोवती उभ्या राहून त्या गाणी म्हणायच्या, खिरापत ओळखायच्या, खायच्या, आणि मग एकदम सगळ्या मिळून पळत पुढच्या घरी. त्यांच्या पायांचा तो आवाज दूर जाताना ऐकला की मला रडू फुटायचं. एकदा मी रडता रडता सगळी खिरापत ओसरीभर उधळली. मायनं ती वेचून घेतली.

मायला माझी दया येत नव्हती असं नाही. पण तिचं गणित पक्कं होतं. शेजारणीला सांगताना मी तिला ऐकलंय, "पोरीची जात हाय. आज रडली तं रडू दे. पाय तसाच राह्यला तं कोन करून नेईन तिले? मंग जल्मभर रडंन." तिनं डॉक्टरांचं वाक्य देवाच्या वाक्यासारखं उचललं होतं. पाय जमिनीला लागता कामा नये. न्हाऊ घालतानासुद्धा ती मला मांडीवर घ्यायची, आणि मी काही लहान नव्हते, तिच्या मांड्या दुखत असतील.

बाला मात्र मला तसं बांधलेलं बघवत नव्हतं. तो आला की खाटेभोवती एक फेरी मारायचा, विटेकडे बघायचा आणि निघून जायचा. एकदा तो मायला म्हणाला, "अवं, नाठाळ गोऱ्ह्यालेबी कोनी इतके दिवस खुट्याले ठेवत नाही." माय म्हणाली, "गोऱ्ह्याचं लगन नसते करा लागत."

दसरा झाला, वेचणी सुरू झाली. आमच्याकडे वेचणीच्या दिवसांत घराचं रूप पालटतं. समोरची खोली कापसानं भरत जाते, आधी कोपरा, मग भिंतीच्या निम्म्यापर्यंत, मग दारातून बाहेर लोटायला लागतो. माय बायांबरोबर सकाळीच वावरात जायची, कारण तिच्यासारखी वेचणारी गावात नव्हती आणि मजूर बाया ती असली की हात चालवायच्या. माझ्याजवळ बा किंवा शेजारची म्हातारी.

एके दिवशी अंगणात गाडी भरायला घेतली. सरकी काढायला खामगावच्या जिनात कापूस न्यायचा होता. गाडीला चारी बाजूंनी बांबूचे उंच तट्टे बांधायचे, वरून कापूस टाकत जायचं आणि आत पोरं सोडायची. पोरांनी नाचून नाचून तो दाबायचा, म्हणजे गाडीत जास्त मावतो. आमच्या गल्लीत या कामाला मी पहिल्या नंबरची. हलकी होते आणि दमत नव्हते. आदल्या वर्षी सगळी पोरं थकून तट्ट्यांना टेकली होती आणि मी एकटी नाचत होते, तेव्हा बानं खालून टाळ्या वाजवल्या होत्या.

त्या दिवशी मी ओसरीत आणि ती सगळी गाडीत. त्यांचं हसणं, किंचाळणं, कापसात पडणं, सगळं दहा हातांवर. मी आधी हाका मारल्या. मग शिव्या दिल्या. मग दोरी धरून ओढायला लागले, वीट खाटेच्या पायावर आपटायला लागली. मला वाटत होतं की आत्ता उठले नाही तर मी मरून जाईन. अगदी असंच वाटत होतं, यात काही वाढवून सांगत नाही.

गाडी भरून पोरं पांगली आणि बा आत आला. खाटेभोवती त्यानं एक फेरी मारली. मग दुसरी मारली. माझ्या डोळ्यांचं पाणी, नाकाचं पाणी, सगळं एक झालेलं. तो थांबला.

"का म्हने डाक्तर? पाय जमिनीले नाही लागला पाह्यजे?"

"हाव."

"कापूस म्हनजे जमीन हाय का वं?"

हे त्यानं खरोखर मला विचारलं. सात वर्षांच्या पोरीला. मी काय सांगणार होते!

"नाही!" मी इतक्या जोरानं म्हटलं, की अंगणातल्या बैलांनी माना वर केल्या.

त्यानं वीट सोडली, मला उचललं आणि समोरच्या खोलीत नेऊन कापसाच्या ढिगावर उभं केलं. मी कमरेपर्यंत आत गेले. पाय कशालाच टेकत नव्हते आणि तरी मी उभी होते. मग मी एक पाय काढला आणि पुढे टाकला. दुसरा काढला. उन्हातून आलेला कापूस अजून गरम होता, आतली सरकी तळपायाला बारीक टोचत होती. मी पडले, उठले, भिंतीपर्यंत गेले, परत आले. पाय दुखत नव्हता.

"दुखते का?" बा दारातून विचारत होता. "दुखलं तं सांग हं माय." लाडात आला की तो मलाच माय म्हणायचा.

दुखत नव्हताच. त्याला ही खूण पुरेशी होती. बैलाचं लंगडणं गेलं की त्याला हलकं हलकं जू द्यायचं, हे तो जन्मभर करत आलेला. आणि कापसावर तर आमच्याकडच्या सगळ्यांचा भरवसा. बाळंतिणीखाली कापूस, दिव्याची काच परगावी न्यायची तर भोवती कापूस, तान्ह्या पोराच्या कानात कापूस. कापसात ठेवलेल्या वस्तूला काही होत नाही, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नव्हतं. तेव्हा बानं मला कापसात ठेवलं, यात त्याच्या दृष्टीनं काहीच वावगं नव्हतं. तो दाराच्या चौकटीला टेकून माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. कितीतरी महिन्यांत मी त्याला एका जागी उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

मग हे रोजचंच झालं. माय वावरात गेली, दुपार झाली, म्हातारी डुलकी घ्यायला घरी गेली, की वीट सुटायची. माय यायच्या आत मी परत खाटेवर, पायाला वीट, चेहरा गरीब. मी किती शहाणी झाले म्हणून माय शेजारणींना कौतुकानं सांगायला लागली.

तिला कळलं ते न्हाऊ घालताना. मला मांडीवर घेऊन ती पाय चोळत होती आणि माझ्या बोटांच्या बेचक्यातून कापसाचा पुंजका निघाला, वाळक्या पानाच्या चुऱ्यासकट.

"हे कुठून आलं?"

मला काही लपवून ठेवता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं, वर कापूस म्हणजे जमीन नसते हेही समजावलं. माय ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं मला कोरडं केलं, खाटेवर ठेवलं, वीट बांधली आणि चुलीपाशी गेली.

दिवेलागणीला बा आला. माय ज्वारीचं पीठ मळत होती. तिनं परातीतला एक गोळा उचलला, दोन्ही हातांत फिरवून लाडवासारखा गोल केला आणि समोरच्या खोलीत गेली. माझ्या खाटेवरून ते दार दिसायचं. कोपरापर्यंत हात घालून तिनं तो गोळा कापसाच्या ढिगात ठेवला आणि बाला म्हणाली, "याच्यावर उभे राहा."

"काऊन?"

"राहा म्हनलं नं."

बा ढिगावर चढला.

"चाला आता."

त्यानं तिथल्या तिथे पावलं टाकली. त्याला काय चाललंय ते कळलं नव्हतं, की कळलं होतं, कोण जाणे. तो उतरल्यावर मायनं ढीग उकरून गोळा बाहेर काढला. त्याची थापलेली भाकर झाली होती, कापसाचे तंतू चिकटलेली. ती तिनं बाच्या हातावर ठेवली आणि परत पीठ मळायला बसली.

बा येऊन माझ्या खाटेशी बसला. बसला म्हणजे खरंच खाली बसला, भिंतीला पाठ लावून, ती भाकर हातात घेऊन. मी विचारलं, "बा, माह्यं हाडबी असंच झालं असंन का?" तो भाकरीला चिकटलेला एक एक तंतू सोलून काढत राहिला. त्याला घाबरलेलं मी पहिल्यांदाच बघत होते आणि त्यामुळे मीही घाबरले.

त्यानंतर माय बाशी बोलायची ती माझ्यामार्फत. "तुह्या बाले सांग, वाढलं हाय." "तुह्या बाले इचार, सरकी कुठं ठेवली." आणि मी शहाण्यासारखी पडून राहिले. हललेच नाही. माझ्या अंगातलं सगळं चुळबुळणं आता डोक्यात गेलं होतं. हाड चपटं झालं असेल का, किती चपटं, अजून ओलं असेल तर परत गोल होईल का, हेच रात्रंदिवस. मी मांडीवर हात ठेवून आत काही हलतंय का ते चाचपायची.

फोटोची वेळ आली, तसे आम्ही परत अकोल्याला गेलो. रेल्वेत बानं बूड टेकलं नाही. डब्याच्या दारापासून आमच्यापर्यंत आणि परत दारापर्यंत, असा तो अकोल्यापर्यंत चालतच गेला म्हणायला हरकत नाही.

डॉक्टरांनी जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी शेजारी धरले. बराच वेळ बघितले.

"नवं हाड येतंय. चांगलं येतंय." मग ते थांबले. "वरच्या बाजूनं मात्र थोडं दबलंय. पूर्ण गोल नाही होणार आता. जरा लचकेल ही चालताना."

"किती?" मायनं विचारलं.

"थोडंसं. अगदी नियमानं पडून राहिलेल्या मुलांचंही कधी कधी असं होतं." त्यांनी चष्मा वर केला. "ही मधे उभी राहिली होती का? चालली होती?"

बा भिंतीशी उभा होता. तो एक पाऊल पुढे आला. "साहेब, म्या..."

"नाही," माय म्हणाली. "उभी नाही राह्यली. म्या सोता राखली तिले. जमिनीले बोट नाही लागू देल्लं."

मी टेबलावर झोपलेली. मी तोंड उघडलं, तर मायनं माझ्या उजव्या पायाचा अंगठा असा दाबला की मी परत मिटलं.

"मग आजाराचंच आहे हे," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही होतं ते सगळं केलंत."

बा तसाच उभा होता. शेगावला उतरल्यावर मायनं बाला सरळ विचारलं, "चहा घेता का?" म्हणजे अबोला सुटला होता.

मला तिच्या त्या खोटेपणाचा फार राग यायचा. लाजेखातर ती खोटं बोलली, डॉक्टर रागावतील म्हणून बोलली, असं मी धरून चालले होते. तिनं खरं सांगितलं असतं, तर डॉक्टरांनी सांगितलं असतं की कापसानं झालं की आजारानं झालं. आता ते कधीच कळणार नव्हतं. मी पुढे अजून वर्षभर पडून राहिले, मग उठले, भिंत धरून चालले, मग भिंत सोडून. डावं पाऊल टाकताना खांदा जरासा खाली जायचा, अजून जातो. मी पळायलासुद्धा लागले, वेडीवाकडी का होईना. त्या मागच्या भिंतीवर परत चढले. पण बा माझ्या मागून चालायचा नाही. वावरात जाताना तो नेहमी पुढे जायचा, भरभर, आणि मागे वळून बघायचा नाही.

मी मॅट्रिक झाले आणि पाहुणे यायला लागले. पोरगी पाहायला आले की ट्रे घेऊन यायला सांगतात, मग परत आत जायला सांगतात. ते कशासाठी ते सगळ्यांना ठाऊक असतं. दोन ठिकाणचे लोक माझा खांदा पाहून पोहे खाऊन गेले आणि निरोप आला नाही. तिसऱ्या वेळी बानं सकाळपासून गल्लीतल्या घरोघर जाऊन गाद्या आणल्या. समोरची खोली, जिथे कापूस राहायचा तीच, त्यानं भिंतीपासून भिंतीपर्यंत गाद्यांनी भरली, एकीवर एक, वर पांढऱ्या चादरी. फक्त दाराच्या बाजूला हातभर रुंद, सारवलेल्या जमिनीची पट्टी उघडी राहिली. मला वाटलं, पाहुणे मोठे असतील.

ट्रे घेऊन गादीवर पाय ठेवला तेव्हा मला कळलं. तेवढ्या मऊ गादीवर कुणालाच नीट चालता येत नाही. मुलाचा मामा आत आला तोच भेलकांडत. सगळेच लचकत होते, मग माझं लचकणं कुणाला दिसणार? मी पोहे दिले, परत फिरले. मुलाची आत्या म्हणाली, "चाल चांगली हाय पोरीची."

मी बाकडे पाहिलं. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, हलत नव्हता, आणि त्याच्या चेहऱ्यावर तेच हसू होतं, मी कापसात पहिलं पाऊल टाकलं तेव्हाचं. मला भडभडून आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी गादीवरून खाली उतरले. त्या उघड्या जमिनीवरून इकडच्या भिंतीपासून तिकडच्या भिंतीपर्यंत चालत गेले आणि परत आले, खांदा जेवढा खाली जातो तेवढा जाऊ देऊन.

"मी अशी चालते," मी म्हटलं. "लहानपणी खुब्याचं हाड मेलं होतं. नवीन आलं, ते जरा चपटं आलं."

पाहुण्यांनी पोहे संपवले. मुलगा शेवटपर्यंत माझ्या पायांकडे नाही, तोंडाकडे बघत होता, हे मला पुढे संसारात फार उपयोगी पडलं, पण त्या दिवशी ते सगळे उठून गेले एवढंच.

बा गाद्या गुंडाळायला लागला. "काऊन केलं माय असं?"

"गाद्या कुठलोक टाकसान, बा? मले जमिनीवरच चालनं हाय."

तो वाकूनच होता. वर न बघता म्हणाला, "त्या कापसानंच झालं ते."

इतक्या वर्षांत हे वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. माय चुलीकडच्या दारात येऊन उभी राहिली.

"कोन म्हनलं? डाक्तर तं नाही म्हनला."

"तू सांगूच कुठं देल्लं त्याले?"

"हाव, नाही सांगू देल्लं." तिचा आवाज चढला नव्हता. "त्यानं हाव म्हनलं असतं तं? हाड तं जसं यायचं तसं येनारच होतं. लचकत्या पायानं पोरगी जगू शकते. आपल्या बापानं आपला पाय मोडला, हे घेऊन कशी जगली असती?"

बाचे हात गादीवर तसेच थांबले. मीही थांबले. डॉक्टरांच्या खोलीत तिनं दाबलेला अंगठा मला त्या क्षणी परत जाणवला. मग मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला निघाले. गाद्या निघालेल्या, खाली जमीन, आणि माझी पावलं, एक पूर्ण आणि एक अपुरं, तिघांनाही ऐकू येत होती. बानं मान वर केली आणि मी पोचेपर्यंत माझ्या चालण्याकडे पाहत राहिला. मी गादीचं दुसरं टोक धरलं.